शाळा केवढी, जिल्हा केवढा

शाळा केवढी असावी, हा प्रश्न आपण बहुधा पटावरून सोडवतो. दहा मुले असली की शाळा लहान, पाचशे असली की मोठी. पण या प्रश्नाच्या पोटात आणखी एक प्रश्न असतो: ती शाळा चालवणारा मुलूख केवढा असावा? शिक्षक नेमणारे, गळके छप्पर दुरुस्त करणारे कार्यालय गावापासून किती दूर असावे? मी राहतो ते उतई दुर्ग जिल्ह्यात, भिलाईला लागून आहे. १९५६ पर्यंत हा भाग नागपूर राजधानी असलेल्या राज्यात होता. म्हणून या दोन्ही प्रश्नांबाबत छत्तीसगड आणि विदर्भ यांचा इतिहास बराच काळ एकच आहे.

१९३७ साली मध्यप्रांत-वऱ्हाडात काँग्रेसचे मंत्रिमंडळ आले. रायपूरचे रविशंकर शुक्ल शिक्षणमंत्री झाले आणि त्यांनी विद्यामंदिर योजना मांडली. एका मैलाच्या आत शाळा नाही आणि शिकण्याच्या वयाची चाळीसेक मुले-मुली आहेत, अशा प्रत्येक ठिकाणी विद्यामंदिर काढायचे. दान मिळालेल्या शेतजमिनीच्या उत्पन्नातून शिक्षकाचा पगार भागवायचा. ‘मंदिर’ या नावावरून मुस्लिम लीगने विरोध केला, १९३९ मध्ये मंत्रिमंडळाने राजीनामा दिला आणि योजना मागे पडली. तिचे माप मात्र लक्षात ठेवण्यासारखे आहे. मूल चालू शकेल ते अंतर आणि एका शिक्षकाला पोसू शकेल ते शेत, एवढ्यात शाळेचा आकार ठरत होता.

दुसऱ्या प्रश्नाला हात घातला तो १९४८ च्या जनपद योजनेने. द्वारकाप्रसाद मिश्र यांच्या पुढाकाराने जिल्हा कौन्सिले रद्द झाली आणि तहसिलीच्या पातळीवर जनपद सभा आल्या. जिल्हा फार मोठा, कारभार लोकांच्या जवळ हवा, हा त्यामागचा विचार होता. १९५७ मध्ये बलवंतराय मेहता समितीनेही जिल्ह्याऐवजी गटावर भर दिला. पण महाराष्ट्राने वेगळी वाट धरली. वसंतराव नाईक समितीने जिल्हा हाच मुख्य घटक मानला आणि १ मे १९६२ पासून जिल्हा परिषदा सुरू झाल्या. विदर्भातल्या जनपद सभा संपल्या. एका तहसिलीला न पेलणारा खर्च जिल्ह्याला पेलतो, एका गावातला जास्तीचा शिक्षक दूरच्या गावी पाठवता येतो, हे जिल्ह्याचे बळ खरे होते. त्या शिक्षकाची वाट पाहणाऱ्या गावाला मात्र जिल्ह्याच्या ठिकाणी खेटे घालावे लागले, हेही खरे.

या पेचातून वाट काढायचा प्रयत्न कोठारी आयोगाने (१९६४–६६) केला. आयोगाचे सदस्य-सचिव होते कोल्हापूर जिल्ह्यातल्या बहिरेवाडीचे जे. पी. नाईक. माध्यमिक शाळेभोवती परिसरातल्या प्राथमिक शाळा गुंफून ‘शाळा-संकुल’ करावे, ग्रंथालय, प्रयोगशाळा आणि अनुभवी शिक्षक सगळ्यांनी मिळून वापरावेत, ही त्यातली कल्पना. लहान शाळा आपल्या जागी राहते. मोठेपणा तिला शेजाऱ्यांकडून उसना मिळतो.

२०२३ मध्ये महाराष्ट्रात ‘समूह शाळा’ आल्या, तेव्हा ही कल्पना उलटी झाली. वीसपेक्षा कमी पटाच्या १४,७८३ शाळा सरकारने मोजल्या होत्या. त्यांतली मुले बसने एका मोठ्या शाळेत आणायची, असा बेत होता. छत्तीसगडने २०२५ मध्ये ‘युक्तियुक्तकरण’ केले. त्यातल्या १०,४६३ शाळांपैकी १०,२९७ एकाच आवारात होत्या. तिथे मुलांचे अंतर वाढले नाही, प्रशासन एक झाले. अंतराचा प्रश्न उरतो तो बाकीच्या १६६ शाळांपुरता. ग्रामीण भागासाठी निकष होता दहापेक्षा कमी पट आणि एक किलोमीटरच्या आत दुसरी शाळा.

मोठ्या शाळेची बाजू हलकी नाही. एकच शिक्षक पाच इयत्ता सांभाळतो, तेव्हा मुलांचे नुकसान होते. पण शिक्षण हक्क कायद्याने त्यावर उपाय सांगितला आहे: प्राथमिक शाळेत साठ मुलांपर्यंत दोन शिक्षक. दुसरा शिक्षक न देता पट कमी म्हणून शाळा हलवणे हा त्या कायद्याचा अर्थ नव्हे. शिवाय पट कायमचा नसतो. भिलाईत पोलाद कारखान्याने सेक्टरनिहाय शाळा उभारल्या. कामगार घटले तशा त्यातल्या अनेक बंद झाल्या. आजच्या पटावर शाळेचे आयुष्य ठरवायचे, तर कुठलीच शाळा सुरक्षित नाही.

१ जानेवारी १९०६ रोजी जन्मलेल्या दुर्ग जिल्ह्यातून १९७३ मध्ये राजनांदगाव वेगळा झाला, २०१२ मध्ये बालोद आणि बेमेतरा. कारण दर वेळी तेच: कचेरी लोकांच्या जवळ यावी. ते योग्यच झाले. वर्षातून एकदोनदा कचेरीत जाणाऱ्या मोठ्या माणसासाठी आपण जिल्ह्याचे चार तुकडे केले. रोज दप्तर घेऊन निघणाऱ्या सहा वर्षांच्या मुलीला मात्र आपण सांगतो की तुझी शाळा फार लहान आहे, पुढच्या गावी जा. माझ्या मते शाळेचे माप त्या मुलीच्या पावलांनी घ्यावे, आणि बाकीचे सारे, म्हणजे शिक्षक, पुस्तके, पैसा, चालत तिच्यापर्यंत यावे.