अटवीबल : कौटिल्याची वर्गवारी आणि सह्याद्रीतील अरण्यसैनिक

बोरीवली स्थानकाच्या पूर्वेस, साष्टीच्या डोंगराळ गाभ्यात, कान्हेरीची लेणी आहेत. तेथील शंभराहून अधिक शिलालेखांत कल्याण, सोपारा इत्यादी ठिकाणचे व्यापारी, गृहस्थ व भिक्षू आपापल्या नावानिशी आपणांस भेटतात. ज्या अरण्यात ही लेणी खोदली गेली त्या अरण्यातील माणसाविषयीचे आपले ज्ञान मात्र या दानलेखांतून फारसे वाढत नाही. त्याच अरण्याच्या कडेला, बोरीवलीपासून गोरेगाव-अंधेरीच्या पूर्वभागापर्यंत, आजही वारली व इतर आदिवासींचे पाडे आहेत. उपनगरांतील विद्यार्थ्यास अरण्य आणि राजसत्ता यांच्या संबंधाचा प्रश्न पडावयास फार दूर जावे लागत नाही, एवढ्याचसाठी येथून आरंभ केला आहे.

प्रस्तुत लेखात या संबंधाच्या एकाच अंगाचा विचार करावयाचा आहे. तो असा की, अरण्यवासी योद्ध्यांच्या सैन्याकडे राज्यकर्त्यांनी कोणत्या दृष्टीने पाहिले, त्यास कोणत्या अटींवर वापरले आणि काम संपल्यावर त्याचे काय केले.

या विषयाचे सर्वांत व्यवस्थित विवेचन कौटिलीय अर्थशास्त्रात आढळते. हा ग्रंथ शामशास्त्री यांनी १९०९ मध्ये प्रसिद्ध केला आणि त्याची चिकित्सक आवृत्ती र. पं. कंगले यांनी मुंबई विद्यापीठातर्फे १९६० पासून तीन भागांत सिद्ध केली. ग्रंथाच्या काळाविषयी मतभेद आहेत. तो मौर्यकालीन आहे असे एक मत आहे, तर ट्राउटमन, ऑलिव्हेल प्रभृती अभ्यासक त्याची आजची घडण पुष्कळ नंतरची मानतात. यास्तव अर्थशास्त्रातील सैन्यरचना म्हणजे चंद्रगुप्ताच्या सैन्याचे वर्णन होय, असे धरून चालता येत नाही. राज्यकर्त्याने काय करावे हे सांगणारा तो ग्रंथ आहे. तथापि राज्यकर्त्यांची मनोवृत्ती समजून घेण्यास असा उपदेशपर ग्रंथच अधिक उपयोगी पडतो.

नवव्या अधिकरणात कौटिल्य सैन्याचे सहा प्रकार सांगतो : मौल, भृत, श्रेणी, मित्र, अमित्र आणि अटवी. मौल म्हणजे वंशपरंपरागत, भृत म्हणजे वेतनावर ठेवलेले, श्रेणी म्हणजे संघटित गटांचे. या क्रमात पूर्वीचा प्रकार नंतरच्याहून श्रेयस्कर मानला आहे. अर्थात अटवीबल सर्वांत शेवटी येते, आर्याच्या नेतृत्वाखालील शत्रुसैन्याच्याही खाली. कारण असे दिले आहे की अमित्र व अटवी या दोहोंचीही दृष्टी लुटीवर असते. लूट मिळेनाशी झाली किंवा राजावर संकट आले म्हणजे त्यांच्यापासून घरातील सर्पासारखे भय उत्पन्न होते.

येथे एक गोष्ट लक्षात घ्यावयास हवी. ही उतरंड शौर्याची नाही. अटवीबल भित्रे आहे, शस्त्रविद्येत कच्चे आहे, असे कौटिल्य म्हणत नाही. उलट ते कोठे वापरावे हे तो नेमके सांगतो. वाट दाखविण्यासाठी, शत्रूच्या भूमीस अनुरूप म्हणून, शत्रूच्या युद्धपद्धतीस उतारा म्हणून, आणि विशेषतः शत्रूकडेही अरण्यसैन्य असेल तेव्हा बेलफळावर बेलफळ आपटावे त्या न्यायाने. वेतनाविषयी त्याचे म्हणणे असे की या सैन्यास रोख द्रव्याऐवजी अरण्यातील माल द्यावा, अथवा लुटीवर ठेवावे. म्हणजे ज्या लोभाबद्दल हे सैन्य हीन ठरविले, तो लोभ हीच त्याची वेतनव्यवस्था म्हणून राज्याने स्वतः नेमून दिली आहे. दोष आणि वेतन यांचे मूळ एकच आहे, ही या प्रकरणातील मर्माची गोष्ट होय.

याच ग्रंथाच्या आठव्या अधिकरणात एक निराळाच सूर लागतो. चोर-दरवडेखोर आणि आटविक यांपैकी अधिक घातक कोण, असा तेथे प्रश्न आहे. पूर्वाचार्यांचे मत दरवडेखोर अधिक घातक असे आहे. कौटिल्य ते खोडून काढतो. त्याच्या मते दरवडेखोर थोडे असतात, गाफिलांना गाठतात व सहज ओळखू येतात. आटविक मात्र स्वतःच्या प्रदेशात राहतात, संख्येने पुष्कळ व पराक्रमी असतात, उघडपणे लढतात, प्रदेश घेतात व उद्ध्वस्त करतात. त्यांचे वर्तन राजासारखेच असते, असा त्याचा निष्कर्ष आहे. भीतीपोटी का होईना, पण अरण्यात चोर राहत नसून दुसरे राज्य नांदते आहे, अशी ही कबुली आहे. सैन्याच्या यादीत ज्यास शेवटचे स्थान, त्यास शत्रूंच्या यादीत राजाचे स्थान, हा विरोध वरकरणी वाटतो तसा विसंगत नाही. राजासारखा जो आहे तो दुसऱ्या राजाचा विश्वासू चाकर होणे कठीण, हे दोन्ही विधानांच्या मुळाशी असलेले समान सूत्र होय.

शिलालेखांतून याच सूत्रास दुजोरा मिळतो. कलिंगयुद्धाचा पश्चात्ताप व्यक्त करणाऱ्या तेराव्या शिलाशासनातच अशोक आपल्या राज्यातील अरण्यवासीयांस समज देतो की, अनुताप झाला असला तरी राजाचे सामर्थ्य कमी झालेले नाही. सोपारा येथे चौदा शासनांपैकी आठव्याचा तुकडा १८८२ मध्ये पंडित भगवानलाल इंद्रजी यांस आणि नवव्याचा १९५६ मध्ये भुईगाव येथे सापडला. त्या अर्थी संपूर्ण माला तेथे कोरलेली असावी, आणि सह्याद्रीच्या अरण्यांस सन्मुख असलेल्या या बंदरातही ती समज दिली गेली असावी, असे अनुमान करण्यास हरकत नाही. पुढे समुद्रगुप्ताच्या अलाहाबाद येथील प्रशस्तीत सर्व आटविक राजांस सेवक केल्याचा अभिमानाने उल्लेख आहे. सहाव्या शतकातील परिव्राजक महाराज संक्षोभाच्या ताम्रपटात तर अठरा अटवीराज्यांसह डभाला प्रदेशाचा निर्देश येतो. ‘राज’ व ‘राज्य’ हे शब्द येथे विजेत्यांनीच वापरले आहेत, हे ध्यानात ठेवावे.

आता महाराष्ट्राकडे वळू. ठाणे-नाशिकच्या घाटमाथ्याखाली जव्हारचे महादेव कोळ्यांचे संस्थान सहा शतके टिकले. जयाबा मुकणे हा त्याचा संस्थापक. त्याचा पुत्र निमशहा याला दिल्लीच्या सुलतानाकडून १३४३ मध्ये मान्यता मिळाली, असे परंपरा सांगते, व बावीस किल्ल्यांचे राज्य त्याच्या नावे लावते. जयाबाने बैलाच्या कातड्याएवढी जमीन मागितली आणि कातड्याच्या बारीक वाद्या करून मोठा प्रदेश वेढला, अशीही एक कथा आहे. कार्थेज नगरीच्या स्थापनेविषयी डायडो राणीची हीच कथा सांगतात. म्हणून ती इतिहास म्हणून स्वीकारता येत नाही. पण दरबारी कागदात जो मुलूख बळाने मिळविल्याची नोंद व्हावयाची, तो अरण्यराजाच्या बाबतीत युक्तीने मिळविल्याची गोष्ट का होते, हा प्रश्न त्या कथेमुळे सुटत नाही, तर उभा राहतो. १६६४ मध्ये सुरतेच्या स्वारीवर जाताना शिवाजी महाराजांची व जव्हारच्या विक्रमशहाची भेट झाली. पुढे १६७२ मध्ये मोरोपंत पिंगळ्यांनी जव्हार व रामनगर जिंकले. प्रथम वाटेवरचा मित्र आणि नंतर जिंकावयाचा शेजारी, हा क्रम कोणत्याही दोन राज्यांमधील संबंधांचा आहे. कौटिल्याने आटविकास राजासमान म्हटले ते येथे अक्षरशः खरे ठरते.

घाटावर, जुन्नर-अकोले भागात, याच समाजाची निराळी व्यवस्था होती. कॅप्टन अलेक्झांडर मॅकिंटॉश याने १८३०च्या दशकात महादेव कोळ्यांविषयी लिहिलेल्या वृत्तांतात बावन मावळांचे नाईक व त्यांवरील सरनाईक यांची माहिती दिली आहे. मॅकिंटॉश हा बंडखोरांचा पाठलाग करणारा अधिकारी होता, हे विसरून त्याचा वृत्तांत वाचू नये. परंतु त्यावाचून आपणांस ही माहिती मिळालीही नसती. बहामनी व निजामशाही अमलात या नाइकांस मान व दर्जा होता. सतराव्या शतकाच्या मध्यास मोगलांच्या जमीनपाहणीविरुद्ध खेमी सरनाइकाच्या नेतृत्वाखाली उठाव झाला व तो क्रूरपणे मोडण्यात आला. शिवनेरीवरील कोळी चौथरा त्याची आठवण म्हणून दाखविला जातो. मराठी राज्यात घाटवाटांच्या चौक्या व किल्ल्यांचे संरक्षण यांत कोळी, रामोशी, महार आदी समाजांचा वाटा मोठा होता. १७१५-१६ च्या सुमाराच्या आज्ञापत्रात रामचंद्रपंत अमात्यांनी किल्ल्याभोवतीचे रान राखण्याविषयी कडक सूचना दिल्या आहेत. रान हाच तटाबाहेरचा तट होता. आणि रान लढवावयाचे तर रानातील माणूस हवा, हे ओघानेच आले. या सेवेचा मोबदला वंशपरंपरागत वतनाच्या रूपाने मिळे. कौटिल्याच्या परिभाषेत बोलावयाचे तर अटवीबलाचा काही अंश येथे मौल झाला होता. तो तसा होऊ शकतो, ही गोष्ट कौटिल्याच्या उतरंडीत बसत नाही.

१८१८ नंतर ही घडी मोडली. किल्ले निकामी झाले, शिबंदी सुटली, नाइकांचे हक्क कमी झाले आणि सावकारीचा फास आवळला. राघोजी भांगरे याचा उठाव या परिस्थितीतून झाला. त्यास २ मे १८४८ रोजी ठाण्याच्या तुरुंगात फाशी देण्यात आली. दुसरीकडे खानदेशात एल्फिन्स्टनच्या धोरणानुसार १८२५ मध्ये औट्रमने भिल्ल पलटण उभारली होती. ज्यांचा बंदोबस्त करावयाचा त्यांनाच शिपाई करावे, हे त्यामागील तत्त्व.

१८५७ मध्ये हे तत्त्व पुन्हा उपयोगात आले. पूर्वी नगरच्या पोलिसांत नोकरी केलेला भागोजी नाईक सिन्नरच्या बाजूस भिल्लांसह उठला. ४ ऑक्टोबर १८५७ रोजी नांदूर-शिंगोटे येथील चकमकीत पोलीस सुपरिंटेंडेंट लेफ्टनंट हेन्री मारला गेला. यानंतर कॅप्टन नटॉल याने महादेव कोळ्यांची पलटण उभी केली. भिल्लांविरुद्ध कोळी : कौटिल्याचे बेलफळ येथे आपल्या जिल्ह्यात, नावागावासह, दिसते. गॅझेटियरमध्ये या पलटणीचे वर्णन आले आहे. माणसे थोड्या महिन्यांत कवायत शिकली. तंबू व बाडबिस्तारा यांवाचून कूच करीत. प्रत्येकाचे सामान त्याच्याच पाठीवरील पिशवीत असे. स्वयंपाकाची भांडी आपसांत वाटून घेत. आणि अवघड कडे चढून हातघाईस येण्यात ती सर्वांच्या पुढे असत. वागणूकही शिस्तीची होती, असे तेथे स्पष्ट म्हटले आहे. नियमित वेतन मिळताच लुटीची दृष्टी नाहीशी झाली, हा या नोंदीचा अर्थ कौटिल्याच्या निदानाच्या दृष्टीने महत्त्वाचा आहे. दोष माणसाच्या स्वभावात नसून त्याच्या वेतनव्यवस्थेत होता.

भागोजी नाईक नोव्हेंबर १८५९ मध्ये मारला गेला. मार्च १८६१ मध्ये कोळी पलटण मोडण्यात आली. थोडे शिपाई पोलिसांत गेले, बाकीचे नांगराकडे व मजुरीकडे परतले. पुढे बारा वर्षांनी, १८७३ मध्ये, होन्या केंगले याने त्याच डोंगरांत सावकारांविरुद्ध शस्त्र उचलले. १८७८ च्या वनकायद्याने तर अरण्य हीच सरकारी मालमत्ता होण्याचा मार्ग मोकळा झाला. अटवीबल संपले ते पराभवाने नव्हे. अटवीवरील हक्क गेल्याने संपले.

येथे एक सावधगिरी आवश्यक आहे. अरण्यातील धाडींनी सपाटीवरच्या गावांचे हाल झाले, ही गोष्ट खरी आहे. त्या गावांतही गरीब कुणबी राहत होता. आटविकास निर्दोष वीर ठरविणे हे त्यास जन्मजात लुटारू ठरविण्याइतकेच अनैतिहासिक होईल. आमचे म्हणणे एवढेच की, ‘लुटारू’ हा शब्द साधनग्रंथात येतो तेव्हा त्याच्या पाठीमागे वेतन कोणी ठरविले, वतन कोणी काढून घेतले आणि नोंद कोणी केली, हे तीन प्रश्न विचारल्यावाचून तो शब्द आपल्या लेखणीत येऊ देऊ नये. वसाहतीच्या राज्यात अशा शब्दांचे कायदे झाले. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने जन्मावरून गुन्हेगार ठरविण्याची प्रथा सुरू केली, आणि ती रद्द होण्यास १९५२ साल उजाडावे लागले.

जव्हार संस्थान १९४८ मध्ये विलीन झाले व आज तो भाग २०१४ मध्ये झालेल्या पालघर जिल्ह्यात मोडतो. त्या भागातील, तसेच अकोले-जुन्नरच्या घाटमाथ्यावरील नाईक घराण्यांची वतनपत्रे, मावळवार गणना, देवस्थानांच्या नोंदी आणि वृद्धांच्या तोंडच्या परंपरा यांचे संकलन ही आमच्या विद्यार्थ्यांपुढील निकडीची कामगिरी आहे. आतापर्यंत अरण्यसैनिकाविषयी त्याच्या धन्याने किंवा त्याच्या पाठलागकर्त्याने लिहिले. त्याची स्वतःची साक्ष नोंदविली गेल्यावरच कौटिल्याच्या त्या दोन विधानांपैकी, हीन सैन्य आणि राजासमान शत्रू यांपैकी, कोणते सत्याच्या अधिक जवळ होते याचा निवाडा करता येईल.