पॉइंट साहेबांचे, बटाटे कैद्यांचे

गेल्या डिसेंबरात सुट्टीला घरी गेले तेव्हा चुलतबहिणीच्या मुलीला घेऊन दोन दिवस महाबळेश्वरला जाऊन आले. ती सोळा वर्षांची. जन्म सिंगापूरचा, शाळाही तिथलीच. बाजारपेठेच्या मधोमध उभं राहून तिने मला विचारलं, "मावशी, इथलं लोकल काय खायचं?"

मी आत्मविश्वासाने बोट दाखवायला सुरुवात केली. स्ट्रॉबेरी क्रीम? या फळाचे पूर्वज अमेरिकेतले. भाजलेलं कणीस? मका मूळचा मेक्सिकोचा. रस्त्याच्या कडेला जुड्या बांधून ठेवलेली गाजरं, लाल मुळे, बटाटे? तेही बाहेरून आलेले. शेवटी मसाल्याचे चणे तेवढे उरले. इतिहासात पीएच.डी. केलेल्या मावशीची अशी दांडी गुल झाल्यावर भाची खूश झाली. "म्हणजे लोकल असं काही नाहीच!" तिने निकालही देऊन टाकला.

तो निकाल मला पटला नाही. का पटला नाही, ते त्या दिवशी धड सांगता आलं नाही, म्हणून इथे लिहिते आहे.

आधीचा डोंगर

महाबळेश्वर समुद्रसपाटीपासून साधारण साडेचार हजार फुटांवर आहे आणि वर्षाला तिथे पाच-सहा हजार मिलिमीटर पाऊस कोसळतो. एवढ्या पावसात ज्वारी-बाजरी टिकत नाही. म्हणून या डोंगरावरच्या कुणबी, कोळी, धनगर घरांचं पोट भरायचं नाचणी आणि वरीवर. उतारावरचं रान तोडायचं, जाळायचं, राखेत बी पेरायचं आणि जमीन थकली की पुढच्या तुकड्याकडे जायचं, अशी ही शेती. तिला कुमरी म्हणत. जंगलातून मध मिळे. धावड नावाचे मुसलमान कारागीर इथल्या दगडातून लोखंड गाळत. आणि कृष्णा, कोयना, वेण्णा, सावित्री, गायत्री या पाच नद्यांच्या उगमाचं म्हणून क्षेत्र महाबळेश्वरला यात्रेकरू येत. म्हणजे बाहेरची माणसं इथे पूर्वीही यायची. फक्त ती देवदर्शन करून खाली उतरायची. हवा खायला म्हणून कुणी राहत नसे.

१८२४ साली साताऱ्याच्या फौजेचा अधिकारी लॉडविक हा डोंगर चढून आला. दोन वर्षांनी साताऱ्याचा रेसिडेंट ब्रिग्ज याने छत्रपती प्रतापसिंह महाराजांकडून वरपर्यंत रस्ता करवून घेतला. १८२८ मध्ये मुंबईचा गव्हर्नर सर जॉन माल्कम आला, त्याला हवा मानवली आणि १८२९ मध्ये तहही झाला. महाराजांनी डोंगर दिला, बदल्यात इंग्रजांनी वाईकडचं खंडाळा गाव दिलं. (हे खंडाळा लोणावळ्याजवळचं नव्हे.) नव्या पेठेला नाव मिळालं माल्कमपेठ. पुढे मुंबई सरकारच दर उन्हाळ्यात इथे मुक्काम हलवू लागलं.

मग एकेक कडा साहेबांच्या नावावर चढत गेला. लॉडविक पॉइंट, एल्फिन्स्टन पॉइंट, बॅबिंग्टन पॉइंट. नाके खिंडीला माल्कमच्या मुलीचं नाव मिळालं, केट्स पॉइंट. सिंदोळा टेकडी विसाव्या शतकात विल्सन पॉइंट झाली. आर्थर्स सीटचं नाव आर्थर मॅलेट या मुलकी अधिकाऱ्यावरून पडलं. त्याची बायको आणि तान्ही मुलगी सावित्रीच्या मुखाशी, बाणकोटला बोट बुडून गेली, तो या कड्यावर बसून नदीकडे बघत राहायचा, असं गाइड सांगतात. आम्हालाही सांगितलं. भाचीचे डोळे पाणावले.

साहेबाच्या दुःखाची गोष्ट अशी दोनशे वर्षांच्या जवळपास टिकली. आता ज्यांची टिकली नाही, त्यांच्याकडे येते.

सिंगापूरहून आलेले

बंगले बांधले, पण त्यांच्यापर्यंत रस्ते कोण करणार? आणि नाचणीच्या डोंगरावर साहेबाच्या जेवणासाठी भाजी कोण पिकवणार? १८३४ मध्ये महाबळेश्वरात एक तुरुंग बांधला गेला. त्यात सुमारे १२० चिनी आणि मलाय कैदी होते. ते आले होते सिंगापूर, मलाक्का आणि पेनांग या सामुद्रधुनीच्या वसाहतींमधून. तेव्हा या वसाहती कलकत्त्याहून चालणाऱ्या कंपनी सरकारच्याच ताब्यात होत्या. कैद्याला समुद्रापार, आपल्या माणसांपासून तोडून पाठवणं हीच शिक्षा होती. त्यामुळे इथले कैदी तिकडे आणि तिकडचे इकडे असा व्यवहार चाले.

या कैद्यांनी महाबळेश्वरचे रस्ते केले. सरकारी बागांमध्ये बटाटे आणि इतर विलायती भाज्या पिकवल्या, आणि ती लागवड इथल्या लोकांनी त्यांच्याकडून उचलली. वेताच्या टोपल्या-खुर्च्या विणण्याची कलाही त्यांचीच देणगी. १८६४ मध्ये तुरुंग बंद झाला. १८८५ साली छापलेल्या सातारा जिल्ह्याच्या गॅझेटिअरमध्ये हे सगळं आहे. त्यात कैद्यांचा आकडा आहे. नावं नाहीत.

मी सिंगापूरला राहते, त्यामुळे या व्यवहाराची दुसरी बाजू मला रोज दिसते. सिटी हॉल स्टेशनातून वर आलं की सेंट अँड्र्यूज कॅथेड्रल आहे, पांढरंशुभ्र. तुमच्यापैकी जे इथे राहतात त्यांनी त्याच्यासमोर फोटो काढलेच असतील. ते १८५६ ते १८६१ या काळात हिंदुस्थानातून आणलेल्या कैद्यांनी बांधलं. आतल्या भिंतींचा गिलावा चुना, अंड्याचा पांढरा बलक आणि साखर घोटून केलेला. आज राष्ट्राध्यक्षांचं निवासस्थान असलेला इस्ताना बांधायलाही हेच कैदी होते. १८२५ पासून मद्रास, बंगाल आणि पुढे मुंबई इलाख्यातूनही माणसं इथे पाठवली गेली आणि त्यांचा इथला कैदीखाना थेट १८७३ पर्यंत चालला. त्यात मराठी बोलणारी माणसं नसतील असं मला वाटत नाही.

म्हणजे एकाच काळात आपल्याकडचे कैदी सिंगापूरच्या भिंती लिंपत होते आणि सिंगापूरकडचे कैदी महाबळेश्वरच्या वाफ्यांत बटाटे लावत होते.

आणि डोंगर देणारे प्रतापसिंह महाराज? तहाला दहा वर्षं होतात तोच, १८३९ मध्ये, इंग्रजांनी त्यांना गादीवरून काढून काशीला पाठवलं. १८४७ मध्ये ते तिथेच वारले. मुलूख सोडून दूर धाडायची शिक्षा राजालाही चुकली नाही. त्यांच्यानंतर गादीवर आलेल्या आप्पासाहेब महाराजांनी १८४२ मध्ये वेण्णा तलाव बांधवून घेतला, आज जिथे आपण बोटीत बसतो. त्यांच्या मृत्यूनंतर साताऱ्याचं राज्यच खालसा झालं.

मग लोकल काय?

इथे एक सोपा निष्कर्ष मोह घालतो. सगळंच बाहेरचं, म्हणून सगळं सारखंच. पण सगळं सारखं नव्हतं. बटाटा आला तेव्हा काहीतरी मागे हटलं. जंगल सरकारी झालं, कुमरीवर बंधनं आली, कोळशासाठी लाकूड तोडणं बंद झालं आणि धावडांच्या भट्ट्या विझल्या. पाहुण्यांना दिसणारी हिरवी दरी राखली गेली, पण ती राखताना कुणाच्या तरी चुलीवर गदा आली. सृष्टिसौंदर्य बघताना आपल्याला हा हिशेब दिसत नाही.

आणि तरीही त्याच डोंगरातल्या शेतकऱ्यांनी परक्या पिकाला आपलंसं केलं. स्ट्रॉबेरीचं बघा. इंग्रज आमदानीत आलेलं हे फळ. आज लावल्या जाणाऱ्या जातींमध्ये कॅमारोसा कॅलिफोर्नियाच्या विद्यापीठातली आणि स्वीट चार्ली फ्लोरिडाच्या. मातृरोपं परदेशातून मागवायची, त्यांच्या फुटव्यांपासून रोपं वाढवायची, पाऊस ओसरला की गादीवाफ्यांवर लावायची, पाखरांपासून आणि बुरशीपासून जपायची, आणि नाताळच्या सुमारास पहिलं फळ तोडायचं. देशातली बहुतेक स्ट्रॉबेरी या पट्ट्यातून येते. २०१० मध्ये महाबळेश्वरच्या स्ट्रॉबेरीला भौगोलिक मानांकनही मिळालं. आपल्या सरकारने कागदावर मान्य केलं की हे फळ इथलं आहे. ते इथलं झालं ते लावणाऱ्यांच्या पाठीच्या कण्यावर.

दुसऱ्या दिवशी आम्ही क्षेत्र महाबळेश्वरच्या वाटेवर एका घरगुती खानावळीत जेवलो. नाचणीची भाकरी, पिठलं, ठेचा आणि बटाट्याची भाजी. वाढणाऱ्या काकूंना भाचीने तोच प्रश्न विचारला. यातलं इथलं काय? काकू म्हणाल्या, "सगळं इथलंच की बाळा. बटाटे मागच्या वावरातले." आणि आणखी एक भाकरी वाढून गेल्या.

मी तेव्हा भाचीला कैद्यांची गोष्ट सांगितली. तिने आर्थर्स सीटला केला होता तसाच पहिला प्रश्न केला. त्यांची नावं काय होती? माझ्याकडे उत्तर नव्हतं. सिंगापूरला परतल्यावर एका रविवारी ती आपणहून म्हणाली, कॅथेड्रल बघायला जाऊ. आम्ही गेलो, आतल्या भिंतीला हात लावून उभ्या राहिलो. भिंतींवर संगमरवरी पाट्या आहेत, त्यावर गोऱ्या माणसांची नावं आहेत. तिने एकेक पाटी शेवटपर्यंत वाचली आणि म्हणाली, "मावशी, इथे पण तसंच आहे."

महाबळेश्वरला जाल तेव्हा पॉइंट जरूर बघा, स्ट्रॉबेरी क्रीम जरूर खा. फक्त जेवायला बसाल तेव्हा ताटातला बटाटा कुणी लावला, हेही एकदा विचारा.