पुण्याहून बंगळुरूला बिऱ्हाड हलवायचंय? ट्रकच्या भाड्यापलीकडचा हिशेब असा मांडा

नोकरीचं पत्र आलं, रुजू व्हायची तारीख ठरली. त्यानंतर बहुतेक घरांत पहिला फोन जातो तो पॅकर्स अँड मूव्हर्सला. पाच-सहा कंपन्यांचे भाव येतात, सगळ्यात स्वस्त भाव निवडला जातो आणि घर हलवण्याचं बजेट तयार झालं असं वाटतं.

प्रत्यक्षात ट्रकचं भाडं हा या खर्चाचा एक तुकडा असतो, आणि बऱ्याचदा सर्वांत मोठाही नसतो. पुणे-बंगळुरू हे अंतर साधारण ८४० किलोमीटरचं. रस्ता सरळ आहे, राष्ट्रीय महामार्ग ४८. अडचण येते ती राज्याची हद्द ओलांडल्यामुळे आणि पैसे कोणत्या दिवशी लागतील याचा अंदाज चुकल्यामुळे.

एकूण किती पैसे हाताशी हवेत?

एक नमुना हिशेब करून पाहू. आकडे फक्त उदाहरणासाठी आहेत, तुमचे वेगळे असतील.

समजा कोथरूडमध्ये टू बीएचकेचं भाडं २८,००० रुपये आहे आणि घरमालकाकडे तीन महिन्यांचं, म्हणजे ८४,००० रुपये डिपॉझिट आहे. बंगळुरूत ३८,००० रुपये भाड्याचं घर मिळालं. तिथे डिपॉझिट पुण्यापेक्षा जास्त मागण्याची पद्धत आहे. पूर्वी दहा महिन्यांचं भाडं सर्रास मागायचे, आता अनेक ठिकाणी ते कमी झालंय. आपण पाच महिने धरू, म्हणजे १,९०,००० रुपये. एजंटची दलाली एका महिन्याची, ३८,०००. पहिल्या महिन्याचं भाडं आणखी ३८,०००. सामान हलवायचे ४२,००० आणि त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे ४९,५६०. दोन्ही घरांचं भाडं सुमारे दहा दिवस एकदम चालू राहील, त्याचे साधारण ९,५००. कुटुंबाचा प्रवास, एक-दोन रात्री हॉटेल आणि बाहेरचं जेवण १२,०००. जुन्या घराची साफसफाई आणि किरकोळ दुरुस्ती ८,०००. नव्या घरात पडदे, एसी आणि वॉटर प्युरिफायर बसवणं, इलेक्ट्रिशियन वगैरे २०,०००.

बेरीज होते ३,६५,०६० रुपये. यात ट्रकचा वाटा सातव्या हिश्शाच्या आसपास आहे.

आता यातलं नवं डिपॉझिट आणि पहिल्या महिन्याचं भाडं बाजूला काढा, कारण डिपॉझिट कधीतरी परत मिळणार आहे आणि भाडं कुठेही राहिलात तरी द्यायचंच होतं. उरतात १,३७,०६० रुपये. हा घर हलवण्याचा खरा खर्च.

पण खरा खर्च आणि हाताशी लागणारी रक्कम या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. घोळ इथेच होतो. पुण्याचं ८४,००० रुपयांचं डिपॉझिट चावी परत दिल्यावर, लाइट बिल आणि सोसायटीचा हिशेब झाल्यावर मिळतं. बंगळुरूचे १,९०,००० मात्र चावी हातात येण्याआधी द्यावे लागतात. जुने पैसे यायच्या आधी नवे द्यायचे आहेत. ही फट क्रेडिट कार्डने भरली, तर व्याजाचा खर्च वर चढतो. कंपनी घर बदलण्याचा खर्च देणार असेल तरी पैसे आगाऊ मिळणार की बिलं दिल्यावर पगारात, हे आधी विचारून घ्या. बदली त्याच कंपनीत झाली असेल आणि सामान हलवण्यासाठी भत्ता मिळाला असेल, तर प्रत्यक्ष खर्चाइतक्या रकमेवर प्राप्तिकरात सूट मिळू शकते. त्यासाठी जीएसटी क्रमांक असलेलं पक्कं बिल जपून ठेवावं लागतं.

बंगळुरूचा भाडेकरार सही करण्याआधी एक ओळ शोधा. घर सोडताना रंगकामासाठी एक महिन्याचं भाडं डिपॉझिटमधून कापण्याची अट तिथे अनेक करारांत असते. अकरा महिने राहा नाहीतर पाच वर्षं, कपात तीच. घासाघीस करायची असेल तर ती सहीच्या आधी.

काय न्यायचं आणि काय नाही?

ट्रकचा भाव सामानाने किती जागा व्यापली यावर ठरतो. त्यामुळे प्रत्येक मोठ्या वस्तूला एकच प्रश्न विचारायचा: ही पुण्यात विकून तिथे जुनी किंवा नवी घेतली तर किती पडेल? दहा वर्षांचा प्लायवूडचा बेड खोलून पुन्हा जोडला की डुगडुगायला लागतो, तो न्यायचा हट्ट सहसा महागात पडतो. याउलट गोदरेजचं लोखंडी कपाट प्रवास चांगला सोसतं. आजीच्या हातची लोणच्याची बरणी ट्रकमध्ये ठेवू नये, हे सांगायची गरज नसावी, पण दरवर्षी कुणीतरी ठेवतंच.

यानंतर दोन पर्याय उरतात. पूर्ण गाडी घेतली तर सामान तुमच्या दारातून निघून थेट नव्या दारात उतरतं, साधारण दोन-तीन दिवसांत. पार्ट लोडमध्ये तुमचं सामान इतरांच्या सामानासोबत जातं. ते गोदामात उतरतं, दुसऱ्या गाडीत चढतं आणि पोहोचायला आठवडा किंवा जास्तही लागू शकतो. ते स्वस्त पडतं, पण जितक्या वेळा हमाली, तितकी आदळआपट. टू बीएचके भरलेलं असेल तर पूर्ण गाडीचाच विचार करावा. एकट्या माणसाच्या दहा-बारा खोक्यांसाठी पार्ट लोड ठीक आहे.

महिनाअखेर, शनिवार-रविवार आणि एप्रिल ते जून हा गर्दीचा काळ. तारीख हातात असेल तर महिन्याच्या मधला एखादा बुधवार मागून बघा.

भाव २८ हजार, दारात मागणी ४५ हजार

या धंद्यातली सर्वांत परिचित फसवणूक अशी चालते. फोनवर फारच कमी भाव सांगितला जातो. निम्मे पैसे आगाऊ घेतात. सामान ट्रकमध्ये चढलं की फोन सुरू होतात: वजन जास्त भरलं, राज्याचा टॅक्स लागला, ई-वे बिल काढावं लागलं, जकात भरली. पैसे दिल्याशिवाय गाडी उतरणार नाही. अख्खं घर त्या ट्रकमध्ये असतं, त्यामुळे माणूस पैसे देतो.

यातली बरीच कारणं मुळातच खोटी असतात. वापरलेल्या घरगुती सामानाला ई-वे बिलातून सूट आहे. जीएसटी १ जुलै २०१७ ला लागू झाल्यापासून जकात नाही आणि राज्यांच्या हद्दीवरचे विक्रीकराचे नाकेही नाहीत. पॅकिंगसह पूर्ण सेवेवर साधारणपणे १८ टक्के जीएसटी लागतो, पण तो पक्क्या बिलावर, क्रमांकासह. तो क्रमांक जीएसटीच्या पोर्टलवर टाकला की कंपनीचं नोंदणीकृत नाव दिसतं. कोटेशनवरचं नाव आणि ते नाव जुळत नसेल तर तिथेच थांबा. मोठ्या कंपनीच्या नावात एखादं अक्षर बदलून चालवलेली दुकानं या व्यवसायात कमी नाहीत.

घरी येऊन किंवा व्हिडिओ कॉलवर सामान पाहिल्याशिवाय दिलेल्या भावाला काही अर्थ नसतो. सामानाची यादी, मजल्यांचं भाडं, लिफ्ट नसल्यास जादा हमाली, टोल, सामान खोलणं आणि जोडणं हे सगळं त्या भावात आहे, असं लेखी घ्या.

विमा म्हणून घेतलेले पैसे खरंच विम्याचे असतात का?

कोटेशनमध्ये सामानाच्या किमतीच्या ठराविक टक्क्यांची एक ओळ असते. कधी तिथे 'ट्रान्झिट इन्शुरन्स' लिहिलेलं असतं, कधी 'एफओव्ही'. यातला दुसरा प्रकार म्हणजे मूव्हरने स्वतः घेतलेली जबाबदारी, विमा कंपनीची पॉलिसी नव्हे. पॉलिसी असेल तर विमा कंपनीचं नाव आणि पॉलिसी क्रमांक मिळायलाच हवा. त्यातही दागिने, रोकड आणि बाहेरून धक्का न लागता बंद पडलेली इलेक्ट्रॉनिक वस्तू सहसा बसत नाही.

वाहतूकदाराची कायदेशीर जबाबदारी 'रस्ता वाहतूक कायदा, २००७' आणि त्याखालच्या २०११ च्या नियमांनी ठरते. सामानाची जास्त किंमत जाहीर करून त्यानुसार दर भरला नसेल, तर वाहतूकदाराची जबाबदारी भाड्याच्या दहापटीपर्यंत मर्यादित राहते. नुकसान झाल्यास दाव्याआधी लेखी नोटीस द्यावी लागते, तीही बुकिंगपासून १८० दिवसांच्या आत. या सगळ्याचा आधार म्हणजे बिल्टी. सामान चढल्यावर ती हातात घेतल्याशिवाय गाडी सोडू नका. पॅकिंगआधी टीव्ही, फ्रिज, वॉशिंग मशिन चालू करून व्हिडिओ काढून ठेवा.

गाडीचं काय?

हा खर्च वरच्या हिशेबात धरलेला नाही, कारण तो गाडीच्या किमतीवर आणि वयावर अवलंबून आहे. आणि तो मोठा असू शकतो.

मोटार वाहन कायद्यानुसार वाहन दुसऱ्या राज्यात १२ महिन्यांपेक्षा जास्त काळ राहणार असेल तर तिथला नवा नंबर घ्यावा लागतो. त्यासाठी पुण्याच्या आरटीओची एनओसी लागते, फॉर्म २८ वर. कर्ज चालू असेल तर बँकेचं पत्र हवं आणि ई-चलनाची थकबाकी शून्य हवी. मग कर्नाटकात गाडीच्या वयानुसार रोड टॅक्स भरायचा आणि महाराष्ट्रात भरलेल्या एकरकमी करापैकी उरलेल्या काळाचा परतावा मागायचा. इथेही तीच गोष्ट: आधी तिकडे भरा, मग इकडून मागा, आणि परताव्याला वेळ लागतो. गाडी जुनी असेल तर पुण्यातच विकणं परवडतं का, हे आधी पाहावं. चारपेक्षा कमी राज्यांत कार्यालयं असलेल्या खासगी कंपनीच्या कर्मचाऱ्याला बीएच मालिकेचा नंबर मिळत नाही. चार किंवा जास्त राज्यांत असतील तर मिळू शकतो, जुन्या गाडीलाही.

गॅस, शाळा आणि बाकीची कागदपत्रं

भरलेला सिलिंडर सामानाच्या ट्रकमधून नेता येत नाही. पुण्यातल्या वितरकाकडे सिलिंडर आणि रेग्युलेटर जमा करून डिपॉझिट परत घ्यायचं आणि व्हाउचर घ्यायचं. ते दाखवून बंगळुरूत त्याच कंपनीचं कनेक्शन मिळतं, मात्र डिपॉझिट आजच्या दराने भरावं लागतं. जुनं डिपॉझिट काही शे रुपयांचं असेल, तर फरक खिशातून.

मुलं असतील तर तारीख शाळेनुसार ठरवावी. महाराष्ट्रात राज्य मंडळाच्या शाळा जूनच्या मध्यावर सुरू होतात, कर्नाटकात त्या मेअखेरीस किंवा जूनच्या सुरुवातीला. कर्नाटकच्या २०१५ च्या कायद्याने शाळांत कन्नड भाषा टप्प्याटप्प्याने सक्तीची झाली आहे. मधल्याच इयत्तेत येणाऱ्या मुलाला ती कशी घ्यावी लागेल, हे प्रवेशाआधी शाळेला विचारा. शाळा सोडल्याचा दाखला राज्याबाहेर जाण्यासाठी आहे हे शाळेला आधीच सांगा, कारण त्यावर शिक्षणाधिकाऱ्यांची प्रतिस्वाक्षरी मागितली जाऊ शकते. मतदार यादीत पत्ता बदलण्यासाठी फॉर्म ८ भरायचा असतो. तो नव्या घराचा करार हातात आल्यावर भरता येतो.

ट्रक दारात उभा आहे आणि पैसे वाढवून मागितले जात आहेत, अशी वेळ आलीच तर वाढीव रक्कम कशासाठी हे लेखी मागा. ११२ वर पोलिसांना फोन करता येतो. पैसे द्यावेच लागले तर रोख देऊ नका, बँकेतून द्या आणि हरकत असल्याचं मेसेजवर नोंदवा. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार तुम्ही जिथे राहता तिथल्या आयोगाकडे तक्रार करता येते, म्हणजे पुण्यातल्या मूव्हरविरुद्ध बंगळुरूतूनही.