जागल, गस्त आणि सातवं आरमार

बीड जिल्ह्यातल्या लिंबागणेशच्या शिवारात नांगर म्हटलं की बैलजोडी, किंवा हल्ली ट्रॅक्टर, डोळ्यांपुढे येतो. अलिबागकडच्या कोळ्याला हाच शब्द सांगितला तर तो होडी थांबवायचं लोखंड दाखवील. जुन्या मराठी कोशांत दोन्ही अर्थ एकाच नोंदीत नांदतात. शेतातला नांगर संस्कृत 'लाङ्गल'पासून उतरत आला. होडीतला नांगर म्हणजे फारसी 'लंगर'. हिंदीनं तो लंगरच ठेवला, मराठीनं त्याला घरातल्या अवजाराचं नाव देऊन टाकलं.

बालाघाटाच्या डोंगरातलं हे गाव समुद्रापासून शेकडो किलोमीटर आत. सप्टेंबर १९४८ पर्यंत बीड जिल्हा ज्या निजामी राज्यात होता, त्या राज्याला किनाराच नव्हता. तरीही परक्या युद्धनौकांवर लक्ष ठेवण्याची मराठी भाषा तपासायची तर इथून सुरुवात करणं बरं. या भाषेतल्या वस्तूंची नावं समुद्रावरून आली, आणि पुष्कळदा ज्यांच्यावर लक्ष ठेवायचं होतं त्यांच्याकडूनच आली. लक्ष ठेवण्याची क्रियापदं मात्र शेतातून, वेशीतून आणि घोड्याच्या पाठीवरून किनाऱ्यावर पोचली.

'आरमार' हा त्यातला सगळ्यात भारदस्त शब्द. तो पोर्तुगीज 'आर्मादा'. 'आर्मार' म्हणजे शस्त्रसज्ज करणे, त्यावरून आर्मादा म्हणजे सज्ज केलेला ताफा. गोवा, चौल, वसई इथे ज्यांचे ताफे डोळ्यांत खुपत होते, त्यांचाच शब्द शिवकाळात आपल्या ताफ्याला लागला. पुढे रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात आरमारावर वेगळं प्रकरण आलं, आणि ते राज्याचं स्वतंत्र अंग मानलं गेलं. तोवर या शब्दाचं परकेपण कुणाच्या लक्षातही उरलं नव्हतं.

नंतर मात्र शब्दानं कूस बदलली. स्वातंत्र्यानंतर आपल्या ताफ्याला 'नौदल' हे नवं संस्कृत नाव मिळालं आणि 'आरमार' इतिहासाच्या पुस्तकात गेलं. तिथं आणि परक्यांकडे. डिसेंबर १९७१ मध्ये, बांगलादेश युद्धात, अमेरिकेनं 'एंटरप्राइझ' ही विमानवाहू नौका बंगालच्या उपसागराकडे धाडली, तेव्हा मराठीत सगळ्यांच्या तोंडी एकच शब्द होता: सातवं आरमार. पहिली सहा कुठे आहेत हे पारावर कुणी विचारलं असेल असं वाटत नाही. 'सातवं नौदल' असं मात्र कुणी म्हणालं नाही. पोर्तुगीजांकडून घेतलेला शब्द अमेरिकनांना देऊन आपण मोकळे झालो.

जहाजांची आणि जहाजांशी जोडलेली नावं पाहू. 'गुराब' हा अरबी शब्द, मूळ अर्थ डोमकावळा. इंग्रजांनी त्याचं 'ग्रॅब' केलं, आणि मराठी आरमार सांभाळणाऱ्या आंग्र्यांच्या गुराबांनी त्यांची जहाजं खरोखरच बळकावली, तेव्हा हा शब्द मूळचा इंग्रजीच असावा असं एखाद्या गोऱ्या खलाशाला वाटलं असल्यास नवल नाही. 'खलाशी' अरबीतून, 'बंदर' फारसीतून, 'सुकाणू' अरबी 'सुक्कान'वरून. 'नाखवा' तर फारसी 'नाखुदा', म्हणजे नावेचा धनी. आज तो कोळीवाड्यात इतका घरचा आहे की त्यातला 'खुदा' कुणाला ऐकू येत नाही.

कागदांची गोष्ट याहून मजेदार आहे. सोळाव्या शतकात पोर्तुगीजांनी अरबी समुद्रात परवान्याची सक्ती केली. ज्या जहाजाकडे त्यांचा 'कार्ताझ' नसेल, ते पकडायचं. कार्ताझ म्हणजे अरबी 'किर्तास', कागद. किर्तास म्हणजे ग्रीक 'खार्तेस'. त्याच ग्रीक शब्दाचा दुसरा वंशज इटालियनमधून फिरत पोर्तुगीज 'कार्तुशु' झाला. बंदुकीची दारू पूर्वी कागदाच्या नळीत भरत, म्हणून. तो मराठीत आला, तो 'काडतूस'. परवाना आणि काडतूस एकाच घरातले. परवाना नाही म्हटल्यावर काडतूस निघायचं, हे शब्दांच्या वंशावळीतच लिहिलेलं आहे असं म्हणायचा मोह होतो.

कार्ताझचं उत्तर मराठ्यांनी 'दस्तका'नं दिलं. कान्होजी आंग्रे म्हणत, कोकणच्या किनाऱ्यावरून जायचं तर आमचं दस्तक घ्या. 'दस्त' म्हणजे फारसीत हात, आणि दस्तक म्हणजे हाती धरायचं पत्र. इंग्रजांनी स्वतःचे परवाने चालू ठेवले आणि कान्होजींना चाचा ठरवलं. १७२१ मध्ये पोर्तुगीज आणि इंग्रज मिळून अलिबागजवळच्या कुलाबा किल्ल्यावर चालून आले आणि हात हलवत परत गेले. चाचा कोण आणि पहारेकरी कोण, हे कुणाचा कागद चालतो यावर ठरत होतं.

कान्होजींची पदवी होती 'सरखेल'. अरबी 'खैल' म्हणजे घोडे, घोडदळ. फारसीत त्याचाच अर्थ टोळी, पथक असा पसरला. 'सर' म्हणजे प्रमुख. म्हणजे आरमाराच्या सेनापतीच्या नावात घोडे खिंकाळत होते. देशावरच्या राज्याला समुद्राचा अधिकार द्यायचा झाला, तेव्हा जिभेवर आली ती जमिनीवरचीच पदवी.

'गस्त' हा शब्दही असाच. फारसी 'गश्तन' म्हणजे फिरणे, वळणे. कोतवालाच्या माणसांनी रात्री गल्ल्यांतून फिरायचं, ती गस्त. निजामी मुलखात हा शब्द लोकांच्या अंगवळणी पडलेला. आज तटरक्षक दलाची नौका गस्त घालते, तेव्हा पाण्यावर गल्ली नाही याची भाषेला पर्वा नसते. 'पहारा' आपला, संस्कृत 'प्रहर'. मूळ धातू प्रहार करण्याचा. तीन तास उलटले की घंटेवर टोला पडायचा, म्हणून तेवढा काळ म्हणजे प्रहर. आणि तेवढा काळ जागा राहणारा तो पहारेकरी.

'पाळत'वर जरा थांबायला हवं. मूळ पाळणे, म्हणजे सांभाळणे, जपणे. पाळणा त्यातलाच, पाळीव जनावर त्यातलंच. पण पाळत ठेवली म्हटलं की माया संपते आणि संशय सुरू होतो. डोळे तेच, मन बदललं. 'राखण'चं तसं झालं नाही. रक्ष् धातूतून आलेली राखण आजही पिकाची, घराची, देवाचीच. कोकणात तर राखणदार हा देवच आहे. म्हणून वर्तमानपत्रं परक्या नौकेवर 'पाळत' ठेवतात आणि किनाऱ्याची 'राखण' करतात. काम एकच. दोन शब्द केवळ तोंड कुठे वळवलंय ते सांगतात.

आणि 'जागल'. बीडकडे ज्वारी हुरड्यात आली की शेतात माळा उभा राहतो. रात्री रानडुकरांसाठी माणूस जागलीला जातो, दिवसा पाखरांसाठी गोफण घेऊन उभा राहतो. गावगाड्यात जागल्या नावाचा माणूसच नेमलेला असे. वेशीवरचा तो वेसकर किंवा येसकर. जागल हा शब्द नौदलानं उचलला नाही, याचं मला वाईट वाटतं. 'गस्त' फिरणं सांगते, 'पहारा' वेळ सांगतो, 'पाळत' संशय सांगते. झोप मोडून बसणं फक्त जागलीत आहे, आणि या कामाचा निम्मा भाग तोच असतो.

१६७९ ची खांदेरी हे जागलीचंच प्रकरण. मुंबईच्या तोंडावरच्या या बेटावर शिवाजी महाराजांच्या हुकुमानं मायनाक भंडाऱ्यानं पावसाळ्याच्या अखेरीस किल्ल्याचं काम काढलं. इथे तोफा बसल्या की मुंबईत शिरणारं प्रत्येक गलबत नजरेखालून जाणार, हे इंग्रजांना कळत होतं. त्यांनी जहाजं आणून बेट वेढलं. पण मोठी जहाजं वाऱ्याची मिंधी. मराठ्यांच्या लहान होड्या वल्ह्यांवर रात्रीतून रसद पोचवायच्या. ऑक्टोबरात मराठ्यांच्या दौलतखानाच्या ताफ्याशी त्यांची लढाई झाली, 'डव्ह' हे इंग्रजांचं जहाज मराठ्यांच्या हाती पडलं. जानेवारी १६८० मध्ये जंजिऱ्याच्या सिद्दीनं शेजारची उंदेरी बळकावली, म्हणजे पाळत ठेवणाऱ्यावर पाळत. आज खांदेरीला कान्होजी आंग्रे बेट म्हणतात, आणि 'खांदेरी' नावाची पाणबुडी २८ सप्टेंबर २०१९ ला मुंबईत नौदलात दाखल झाली.

खांदेरीच्या लढाईच्या काळी समुद्राची हद्द तोफेच्या टप्प्यावर मोजत. अठराव्या शतकाच्या सुरुवातीला फान बिंकरशूक या डच पंडितानं तेच तत्त्व म्हणून मांडलं: गोळा पोचतो तिथवर किनाऱ्याच्या धन्याची सत्ता. पुढे त्याचे तीन सागरी मैल झाले, आता बारा, म्हणजे सुमारे २२ किलोमीटर. 'हद्द' अरबी आहे. आपला शब्द 'शीव', संस्कृत 'सीमा'. मुंबईतलं शीव हे त्याच अर्थानं शीव. समुद्राला मात्र आपण कधी शीव म्हणत नाही. शिवेला दगड लागतो.

कायदा काय म्हणतो ते शेतकऱ्याला लवकर समजेल. १९७६ च्या सागरी क्षेत्रांच्या कायद्यानुसार बारा मैलांच्या आतून परक्या व्यापारी जहाजाला निरुपद्रवी जाता येतं. शेजाऱ्याच्या रानातून वहिवाटीच्या वाटेनं गाडी न्यायला हरकत नसते, बैलांनी पिकात तोंड घालू नये एवढंच, तसं हे. युद्धनौकेनं मात्र केंद्र सरकारला आगाऊ कळवून यायचं. पाणबुडीनं तर पाण्यावर येऊन, आपलं निशाण दाखवत जायचं. बुडून राहण्यावरून जिचं नाव पडलं, तिला पाहुणी म्हणून तोंड उघडं ठेवायची अट.

बाराच्या पुढे दोनशे मैलांपर्यंत अनन्य आर्थिक क्षेत्र, आणि भांडण सगळं तिथलं. मासे आणि तेल किनाऱ्याच्या देशाचं, यावर वाद नाही. पण तिथे परक्यांनी लष्करी कवायती करायच्या तर आमची संमती हवी, असं भारत म्हणतो. अमेरिका ते मानत नाही. एप्रिल २०२१ मध्ये 'जॉन पॉल जोन्स' ही विनाशिका लक्षद्वीपच्या पश्चिमेला सुमारे १३० सागरी मैलांवरून संमती न घेता गेली, आणि हे त्यांनी स्वतःच जाहीर केलं. भारतानं राजनैतिक मार्गानं नाराजी कळवली. जाहीर करणारं होतं सातवं आरमार. पन्नास वर्षांनी तेच नाव.

चिनी जहाजांच्या बाबतीत शब्दांचा घोळ आणखी वेगळा. २०१९ मध्ये 'शी यान १' हे जहाज पोर्ट ब्लेअरजवळ आपल्या आर्थिक क्षेत्रात सापडलं, नौदलानं त्याला निघून जायला लावलं. त्याला म्हणायचं 'संशोधन नौका'. संशोधन म्हणजे शुद्ध करणे, सोन्यातलं हीण काढावं तसं. समुद्राच्या तळाचा नकाशा मच्छीमाराला लागतो आणि पाणबुडीच्या कप्तानालाही. कुणासाठी शोधलं हे त्या शब्दातून कळायची सोय नाही.

व्यापारी जहाजं आपलं नाव-गाव यंत्रानं सतत सांगत असतात, युद्धनौकांना तशी सक्ती नाही. म्हणून जे बोलत नाही ते शोधायचं, यासाठी मुंबईवरच्या २६ नोव्हेंबर २००८ च्या हल्ल्यानंतर किनाऱ्यावरच्या रडारांची साखळी उभी राहिली. तिची माहिती २०१४ पासून जिथे गोळा होते आणि माणसं पाळ्यापाळ्यानं जिथे पडद्यांपुढे बसतात, ते केंद्र हरियाणात, गुरुग्रामला आहे. २०१८ मध्ये हिंदी महासागरासाठी मित्रदेशांचं माहिती केंद्रही तिथेच सुरू झालं. गुरुग्रामहून समुद्र लिंबागणेशपेक्षाही लांब पडतो.