डिचोलीच्या दोन वास्तू

डिचोली महालात सतराव्या शतकाची आठवण सांगणाऱ्या दोन वास्तू आहेत. एक नार्वे येथील सप्तकोटेश्वराचे मंदिर, दुसरी डिचोलीचा नमाजगाह. दोन्ही राज्याची संरक्षित स्मारके होत. एकीत शिवाची पूजा होते, दुसरी नमाजासाठी बांधलेली. परंतु दोहोंचा दगड एकच, तो म्हणजे कोकणातला जांभा.

सप्तकोटेश्वर हे कदंब राजांचे कुलदैवत. दिवाडी बेटावरील त्याचे देवालय सोळाव्या शतकात पोर्तुगीजांनी पाडले, तेव्हा भाविकांनी लिंग नदीपार आणले. कारण डिचोली त्या काळी पोर्तुगीज सत्तेबाहेर होती. १६६८ साली शिवाजी महाराजांनी तेथे मंदिर बांधविले, याची साक्ष दारावरील शिलालेख देतो. या मंदिराला गगनाला भिडणारे शिखर नाही. उतरती कौलारू छपरे, त्यांवर अष्टकोनी बैठकीवरचा घुमट आणि अंगणात दीपमाळ, एवढाच त्याचा थाट. पावसाळी मुलखातील घराची ठेवण आणि मुसलमानी घाटाचा घुमट येथे सुखाने एकत्र नांदतात.

पुढे १६८१ मध्ये औरंगजेबाचा बंडखोर पुत्र अकबर संभाजी महाराजांच्या आश्रयास आला. १६८३ च्या सुमारास त्याचा मुक्काम डिचोलीच्या परिसरात होता. नमाजगाह त्यानेच उभारला, असे परंपरा सांगते. नमाजगाहाला छप्पर नसते. पश्चिमेची भिंत दिशा दाखविते. बाकी सारे आकाश. पित्याने मंदिर बांधविले. पुत्राच्या आश्रयास असलेल्याने नमाजाची जागा उभारली.

जांभा खाणीतून काढताना मऊ असतो, वारा लागला की कठीण होतो. तो सच्छिद्र असल्याने पावसाचे पाणी शोषतो. चुन्याचा गिलावा त्याला राखतो आणि मुरलेला ओलावा बाहेरही जाऊ देतो. सिमेंट मात्र तो ओलावा आतच कोंडते, आणि भिंत आतून झिजू लागते. म्हणून अशा वास्तूंची डागडुजी केवळ पैशाने होत नाही. तिला चुना मळणारे जाणते हात लागतात. नार्व्याच्या मंदिराचा जीर्णोद्धार होऊन २०२३ साली ते पुन्हा खुले झाले. कायदा वास्तूला पाडण्यापासून वाचवू शकतो. अजाण दुरुस्तीपासून तिला वाचविणे हे गावाच्या जाणतेपणाचे काम आहे. ही दोन्ही स्मारके आकाराने लहान. पण डिचोलीच्या सरहद्दीवर दोन धर्मांना एकाच राज्याची सावली लाभली होती, हे त्यांचे जांभे दगड सांगतात. ते बोलते राहिले पाहिजेत.