संयुक्त राष्ट्रांचे बोधचिन्ह : नकाशाचा मध्य आणि समतेचा प्रश्न

धडगाव परिसरात ९ ऑगस्ट रोजी साजरा होणारा जागतिक आदिवासी दिन संयुक्त राष्ट्रांच्या महासभेने १९९४ साली घोषित केला. या संघटनेच्या बोधचिन्हाची चर्चा मात्र बहुधा ‘ऑलिव्हच्या फांद्या म्हणजे शांतता’ एवढ्यावरच थांबते. वस्तुतः त्याचा खरा इतिहास फांद्यांमधील नकाशात आहे.

१९४५ च्या सॅन फ्रान्सिस्को परिषदेसाठी प्रतिनिधींनी कोटावर लावावयाचा बिल्ला अमेरिकी आरेखकांनी तयार केला. उत्तर ध्रुव केंद्रस्थानी असूनही त्यात यजमान उत्तर अमेरिकेला मध्यरेषेवर स्थान होते. शिवाय ४०° दक्षिण अक्षांशावर नकाशा संपत असल्याने अर्जेंटिनाचा दक्षिण भाग गळाला होता. सर्व राष्ट्रांची सार्वभौम समता सांगणाऱ्या सनदेशी हे विसंगतच होते. ७ डिसेंबर १९४६ रोजी महासभेने स्वीकारलेल्या चिन्हात नकाशा फिरविण्यात आला व त्याची मर्यादा ६०° दक्षिणेपर्यंत नेण्यात आली. आता मध्यभागी कोणाच्याही मालकीचा नसलेला बिंदू उरला.

या नकाशावर राजकीय सीमा नाहीत. हे त्याचे सामर्थ्य खरे. पण परतंत्र व स्वतंत्र भूमी त्यात सारखीच दिसते, हेही नोंदविले पाहिजे. २६ जून १९४५ रोजी सनदेवर भारताच्या वतीने रामस्वामी मुदलियार यांनी स्वाक्षरी केली, ती ब्रिटिश अमदानीतील सरकारचे प्रतिनिधी म्हणून. विजयालक्ष्मी पंडित यांना त्याच शहरात परिषदेबाहेर राहून स्वातंत्र्याची बाजू मांडावी लागली. १९५३ मध्ये त्याच महासभेच्या पहिल्या महिला अध्यक्ष झाल्या.