भाव फिक्स, घासाघीस बंद: आलिशान इलेक्ट्रिक कार कंपन्यांचं गणित बीडच्या गिऱ्हाइकाला परवडतं का?

ऑक्टोबर 2010 मध्ये औरंगाबाद, म्हणजे आताचं छत्रपती संभाजीनगर, देशभरातल्या बातम्यांमध्ये झळकलं होतं. शहरातल्या उद्योजक, डॉक्टर आणि व्यावसायिक मंडळींनी एकत्र येऊन एकाच वेळी 150 मर्सिडीज गाड्या घेतल्या होत्या. व्यवहार होता सुमारे 65 कोटींचा आणि कर्ज दिलं होतं स्टेट बँकेनं. गिऱ्हाईक एकगठ्ठा असल्यामुळे भावातही सूट मिळाली आणि व्याजातही.

मराठवाडा म्हणजे दुष्काळ आणि ऊसतोड, एवढंच समीकरण डोक्यात असलेल्या कंपन्यांना हा धक्का होता. इथं महागड्या गाडीचं गिऱ्हाईक आहे, हे त्या दिवशी सिद्ध झालं.

आता जमाना इलेक्ट्रिकचा आहे. संभाजीनगरपासून साधारण 130 किलोमीटरवर असलेल्या बीडमधल्या एखाद्या डॉक्टरला किंवा कंत्राटदाराला अशी गाडी घ्यायची असेल, तर 2010 चा फॉर्म्युला चालेल का? याचं उत्तर कंपन्यांच्या स्ट्रॅटेजीत आहे.

मुळात इलेक्ट्रिक गाडी इतकी महाग का?

खरं तर सरकारी कर इलेक्ट्रिकच्या बाजूने आहेत. इलेक्ट्रिक कारवर जीएसटी फक्त 5 टक्के आहे. मोठ्या पेट्रोल-डिझेल गाड्यांवर 22 सप्टेंबर 2025 पासून तो 40 टक्के आहे. म्हणजे मूळ किंमत 1 कोटी धरली, तर जीएसटीसह पेट्रोल गाडी 1 कोटी 40 लाखांना पडते आणि इलेक्ट्रिक 1 कोटी 5 लाखांना. फरक थेट 35 लाखांचा.

पण गाडी परदेशातून पूर्ण तयार होऊन आली, तर त्यावर 70 ते 110 टक्क्यांपर्यंत आयात शुल्क लागतं. जीएसटीत वाचलेले पैसे इथंच जातात. त्यामुळे आलिशान इलेक्ट्रिक कार बनवणाऱ्या प्रत्येक कंपनीपुढे पहिला प्रश्न असतो, गाडी आयात करायची की इथंच जोडायची?

महाराष्ट्रात या दोन्ही रस्त्यांची उदाहरणं सापडतात.

रस्ता पहिला: चाकण

मर्सिडीज-बेंझनं सुरुवात आयातीनंच केली. ऑक्टोबर 2020 मध्ये आलेल्या ईक्यूसी या तिच्या पहिल्या इलेक्ट्रिक गाडीची किंमत होती 99.30 लाख. ऑगस्ट 2022 मध्ये ईक्यूएसचं एएमजी मॉडेल आलं. तेही आयात केलेलं आणि किंमत 2.45 कोटी.

पुढच्याच महिन्यात कंपनीनं पुण्याजवळच्या चाकणच्या कारखान्यात जोडलेली ईक्यूएस 580 बाजारात आणली, 1.55 कोटींना. एएमजी जास्त ताकदीची गाडी आहे, त्यामुळे 90 लाखांचा सगळा फरक कराचा नाही. तरीही इथं जोडणी केल्यानं किंमत किती खाली आणता येते, याचा अंदाज त्यातून येतो.

बीएमडब्ल्यूनंही तेच केलं. जानेवारी 2025 मध्ये तिनं चेन्नईत जोडलेली आयएक्स1 लाँग व्हीलबेस 49 लाखांना आणली.

रस्ता दुसरा: बीकेसी

टेस्लानं 15 जुलै 2025 रोजी मुंबईच्या वांद्रे-कुर्ला संकुलात देशातलं पहिलं शोरूम उघडलं. गाडी एकच, मॉडेल वाय, आणि तीही शांघायच्या कारखान्यातून आलेली. किंमत 59.89 लाखांपासून. अमेरिकेत हीच गाडी तेव्हा 44,990 डॉलरपासून, म्हणजे 39 लाखांच्या आसपास मिळत होती.

केंद्रानं मार्च 2024 मध्ये एक योजना आणली होती. देशात किमान 4,150 कोटी रुपये गुंतवून कारखाना टाकला, तर ठरावीक संख्येच्या महागड्या इलेक्ट्रिक गाड्या 15 टक्के शुल्कात आणता येतील, अशी ती योजना. टेस्लानं आधी कारखाना टाकण्याऐवजी शोरूम उघडून गिऱ्हाइकाची नाडी तपासणं पसंत केलं. ब्लूमबर्गच्या सप्टेंबर 2025 मधल्या वृत्तानुसार तोवर 600 च्या थोड्या वर बुकिंग झाल्या होत्या.

जाहिरात न करता मार्केटिंग

टेस्लानं अनेक वर्षं टीव्ही किंवा पेपरातल्या जाहिरातींवर जवळपास खर्चच केला नाही. शोरूम उघडलं की बातमी आणि पहिली डिलिव्हरी झाली की बातमी, हीच तिची जाहिरात. भारतातली पहिली गाडी 5 सप्टेंबर 2025 रोजी परिवहन मंत्री प्रताप सरनाईक यांनी घेतली आणि त्याची बातमी गावोगावच्या मोबाईलवर पोहोचली.

दुसरा भाग विक्रीचा. टेस्लाला डीलर नाही. गाडी वेबसाईटवर बुक करायची आणि भाव सगळ्यांना सारखाच.

मर्सिडीजनंही ऑक्टोबर 2021 पासून भारतात याच दिशेनं पाऊल टाकलं. शोरूम डीलरचंच राहिलं, पण गाड्यांचा स्टॉक कंपनीचा आणि किंमतही कंपनीच ठरवणार. डीलरला मिळतं ते कमिशन. कारण सोपं आहे. एकाच शहरातले दोन डीलर सूट देण्यासाठी भांडले, तर ब्रँडची किंमत उतरते.

याचा अर्थ 2010 ची ताकद, म्हणजे दीडशे जणांनी मिळून भाव पाडण्याची ताकद, आता बरीच कमी झाली आहे. भाव ठरलेला असेल, तर गिऱ्हाइकाच्या हातात उरतो एकच मुद्दा, विक्रीनंतरची सोय. आणि बीडचं खरं दुखणं तिथंच आहे.

बीडचा हिशोब

बीड ते मुंबई अंतर साधारण 400 किलोमीटर. मॉडेल वायच्या सुरुवातीच्या मॉडेलची कंपनीनं सांगितलेली रेंज 500 किलोमीटर. पण हा आकडा चाचणीतला असतो. हायवेवरचा वेग आणि एसी यामुळे तो खाली येतो. म्हणजे वाटेत एकदा चार्जिंग धरूनच निघावं लागतं.

टेस्लाचं पहिलं सुपरचार्जिंग स्टेशन ऑगस्ट 2025 मध्ये सुरू झालं, तेही बीकेसीतच. दर होता युनिटला 24 रुपये. 60 युनिट भरले तर 1,440 रुपये. घरी 7 किलोवॅटचा चार्जर लावला, तर तेवढंच चार्जिंग व्हायला साडेआठ तासांच्या पुढे जातात. साध्या 3 किलोवॅटच्या सॉकेटवर 20 तास. रात्री दोन तास लाईट गेली, तर सकाळचा बेत बिघडलाच.

बीडमध्ये ना टेस्लाचं शोरूम आहे, ना मर्सिडीजचं. पेट्रोल गाडीला निदान गावातला मेकॅनिक हात लावतो. हाय व्होल्टेज बॅटरीला तो हात लावू शकत नाही आणि त्यानं लावूही नये. म्हणजे छोट्या बिघाडासाठीही गाडी मोठ्या शहरात न्यावी लागणार.

सरकार कुठे येतं?

10 मार्च 2025 च्या अर्थसंकल्पात अर्थमंत्री अजित पवार यांनी 30 लाखांवरच्या इलेक्ट्रिक गाड्यांवर 6 टक्के कर सुचवला होता. त्याच महिन्यात मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांनी तो मागे घेत असल्याचं सांगितलं. 60 लाखांच्या गाडीमागे 3 लाख 60 हजारांचा हा प्रश्न होता.

एप्रिल 2025 मध्ये मंजूर झालेल्या राज्याच्या ईव्ही धोरणात अटल सेतू, मुंबई-पुणे एक्स्प्रेसवे आणि समृद्धी महामार्गावर टोलमाफी ठरली. यातला एकही रस्ता बीड जिल्ह्यातून जात नाही. समृद्धीवर चढायलाही आधी जालना किंवा संभाजीनगर गाठावं लागतं.

बीडसाठी जास्त कामाची तरतूद वेगळीच आहे. राष्ट्रीय महामार्गांवर दर 25 किलोमीटरला चार्जिंगची सोय करण्याचं उद्दिष्ट या धोरणात आहे. सोलापूर-धुळे राष्ट्रीय महामार्ग बीड आणि गेवराईवरून जातो. तिथं जलद चार्जर उभे राहिले आणि चालू स्थितीत राहिले, तर फायदा फक्त 60 लाखांच्या गाडीला नाही, 15 लाखांच्या टाटा किंवा महिंद्राच्या इलेक्ट्रिक गाडीलाही होईल.

तोवर बीडच्या गिऱ्हाइकानं बुकिंगआधी भावापेक्षा तीन गोष्टी विचाराव्यात. जवळचं सर्व्हिस सेंटर किती किलोमीटरवर आहे, बंद पडलेली गाडी तिथवर नेण्याचा खर्च कोण करणार आणि बॅटरीच्या वॉरंटीत नेमकं काय बसतं? ही तिन्ही उत्तरं कंपनीकडून लेखी घ्यावीत.